डॉकर.आयओ टाकायचं की डॉकर-सीई?

कोल्हापुरातल्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री असो की राजारामपुरीतलं चार टेबलांचं सॉफ्टवेअर ऑफिस, डेबियनवर (ही एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) डॉकर, म्हणजे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचं म्हटलं की पोरं हमखास विचारतात, ‘दादा, दोन दिसतायत, कुठलं घेऊ?’ बरेचजण नावातलं ‘आयओ’ बघून तेच कंपनीचं अधिकृत समजतात. आहे उलटं. डॉकर.आयओ डेबियनचे स्वयंसेवक बांधतात. डॉकर-सीई (कम्युनिटी एडिशन) डॉकर कंपनी स्वतःच्या रेपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन कोठारातून देते. (नुसतं ‘डॉकर’ हे नाव डेबियनमध्ये सिस्टिम ट्रेच्या एका जुन्या प्रोग्रामनं आधीच अडवलं होतं.)

प्रोग्राम एकच, फरक बांधणीचा. डॉकर गो या भाषेत लिहिलंय. कंपनी लागतील त्या गो लायब्ररींच्या प्रती सोर्समध्येच ठेवते आणि कंटेनरडी, रनसी (कंटेनर प्रत्यक्ष चालवणारे दोन सोबती प्रोग्राम) एकाच पॅकेजात देते. डेबियनला हा प्रकार पटत नाही. तिथं लायब्ररी शक्यतो स्वतंत्र पॅकेज म्हणून येते, कंटेनरडी वेगळं, रनसी वेगळं. एक लायब्ररी पुढं सरकली की तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजंही जुळवावी लागतात. किचकट काम आहे. डेबियन ९ मध्ये तर डॉकर.आयओ नव्हतंच.

मोबदल्यात मिळतं ते स्थैर्य. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये २०.१०.२४ आहे, ते तिथंच राहतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या मागे नेऊन त्याच जुन्या आवृत्तीला लावतात. पण गो प्रोग्राममध्ये लायब्ररी आतच मिसळलेली असते, नुसती लायब्ररी बदलून भागत नाही, प्रोग्राम पुन्हा बिल्ड करावा लागतो. म्हणून गो पॅकेजांना सुरक्षेचा आधार मर्यादित आहे, हे डेबियन १२ च्या रिलीज नोट्समध्येच लिहिलंय. शिवाय तिथलं कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं टूल) म्हणजे जुनं, पायथनमधलं १.२९.२. ‘डॉकर कंपोज अप’ मारलं की कमांडच ओळखत नाही. ‘डॉकर’ आणि ‘कंपोज’च्या मधे डॅश द्यावी लागते.

सीईचं दुखणं वेगळं. आपोआप अपडेट करणारी डेबियनची सोय या रेपॉझिटरीला मुळात हात लावत नाही, आणि आपण हातानं अपग्रेड केलं की थेट पुढची मोठी आवृत्ती येऊ शकते. नोव्हेंबर २०२५ च्या २९ व्या आवृत्तीनं १.४४ च्या खालचा एपीआय (इतर टूल्स डॉकरशी ज्यातून बोलतात ती भाषा) नाकारायला सुरुवात केली आणि जुनी टूल्स गप्पगार झाली. अपग्रेडला डीमन (मागे सतत चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्राम) रीस्टार्ट होतो, लाइव्ह-रिस्टोअर (डीमन बंद असतानाही कंटेनर चालू ठेवणारी सेटिंग) चालू नसेल तर कंटेनरही थांबतात. सेकंड शिफ्टची एंट्री चालू असताना हे करू नये. सीई घेतलंच तर पॅकेज होल्डवर ठेवा, म्हणजे सरसकट अपग्रेडमध्ये ते वगळलं जाईल.

माझं मत विचाराल तर, वर्षानुवर्षं कुणी हात लावणार नाही अशा मशिनवर डॉकर.आयओ. रोज नवं कंपोज लागणाऱ्या डेव्हलपरला सीई. दोन्ही एकत्र मात्र नको, त्यांचं कंटेनरडी-रनसी एकमेकांशी भांडतं. एक काढून दुसरं टाका. इमेजेस (कंटेनरचे साचे) आणि व्हॉल्यूम (त्यांचा साठवलेला डेटा) जागेवर राहतात, तरी आधी बॅकअप घ्या.

आपल्याकडं कुठलं आहे? ‘डॉकर व्हर्जन’ मारा. ‘डॉकर इंजिन – कम्युनिटी’ दिसलं तर सीई, आवृत्तीच्या शेपटीला ‘डीएफएसजी’ असेल तर डेबियनचं.