कलाकाराचा मेंदू उजवा आणि सायंटिस्टचा डावा? असं काही नसतं

शाळेपासून ऐकतोय, पोरगं चित्रं काढतं म्हणजे त्याचा उजवा मेंदू स्ट्राँग, गणित येतं म्हणजे डावा. हे खरं नाहीये. मुळात मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी अमेरिकेतल्या कॅलटेक युनिव्हर्सिटीत असे पेशंट तपासले ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा तंतूंचा पूल फिट्स थांबवायला ऑपरेशन करून कापलेला होता, त्यांच्यात हे दोन भाग वेगवेगळे वागताना दिसले, त्या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं, आणि लोकांनी ते सरसकट सगळ्यांनाच चिकटवलं. आपला पूल तर शाबूत आहे ना! भाषेचं काम बहुतेकांत डावीकडे जास्त चालतं, एवढं खरं. पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा युनिव्हर्सिटीने १,०११ लोकांचे स्कॅन तपासले, त्यात 'डाव्या मेंदूचा' किंवा 'उजव्या मेंदूचा' माणूस असा प्रकार सापडला नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते चार्ल्स लिंब यांचं काम, स्वतः डॉक्टर आणि संगीतवेडे, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत असताना त्यांनी सहकाऱ्यासोबत ६ जॅझ पियानोवादकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून खास कीबोर्डवर ऐनवेळी सुचेल ते वाजवायला लावलं, तर कपाळामागचा स्वतःवर लक्ष ठेवणारा भाग शांत झाला आणि मधला भाग जागा झाला, दोन्ही बाजूंना! कला आणि मेंदूचं विज्ञान असं एकत्र आलं की हे कळतं, म्हणून युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर चित्रकार, वादक आणि न्यूरोसायंटिस्ट एकत्र बसायलाच हवेत.