मरियेच्या निळ्या झग्याचं रसायन

सासोफेर्रातो (१६०९–१६८५) हा बरोक या युरोपीय कलाशैलीच्या काळातला इटालियन चित्रकार. मरिया आणि बाळ येशू हा त्याचा आवडता विषय. त्याच्या मरियेचा झगा साडेतीनशे वर्षांनंतरही असा निळा दिसतो की नजर आधी तिथेच जाते. त्याच शतकातल्या काही चित्रांत मात्र हाच झगा राखाडी, मळकट तपकिरी दिसतो. चित्रकाराने तो तसा रंगवलेला नव्हता. फरक पडला तो निळ्या रंगाच्या जातीमुळे.

उत्तम निळा रंग म्हणजे अल्ट्रामरीन. तो लाजवर्दाच्या दगडापासून बनायचा, आणि हा दगड यायचा थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. नुसता कुटून भागत नसे. कुटलेली पूड मेण, राळ आणि तेलात मळून तो गोळा क्षारयुक्त पाण्यात दाबत राहायचा. मग निळे कण पाण्यात उतरायचे आणि मळ गोळ्यात राहायचा. म्हणूनच त्याची किंमत सोन्याच्या तोडीची असे.

ही निळाई धातूमुळे नव्हे तर गंधकामुळे येते, हे मला फार विलक्षण वाटतं. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंचा एक पिंजरा असतो आणि त्यात गंधकाचे तीन अणू एकत्र अडकलेले असतात. हे त्रिकूट प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतं, त्यामुळे आपल्याला निळा दिसतो. पिंजरा शाबूत, तोवर रंग शाबूत. आम्लाने तो मोडला, की गंधक निसटतो आणि रंग जातो. १८२८ मध्ये फ्रान्सचे रसायनतज्ज्ञ गिमे यांना हाच रंग कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल ६,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. पुढे तो इतका स्वस्त झाला की पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ त्यापासून होऊ लागली.

पण बरोक काळात ज्याला लाजवर्द परवडत नसे, तो स्माल्ट वापरी. स्पेनमधल्या सेव्हियाचा चित्रकार मुरिय्यो (१६१७–१६८२) तो सढळ हाताने वापरायचा. स्माल्ट म्हणजे कोबाल्ट घातलेल्या पोटॅशियमयुक्त काचेची पूड. ती फार बारीक वाटली तर फिकी पडते, म्हणून जाडसरच ठेवायची. काच असूनही ती रंग कालवायच्या तेलात टिकत नाही. तेलातली आम्लं काचेतलं पोटॅशियम हळूहळू ओढून घेतात. पोटॅशियम गेलं की कोबाल्टभोवतीची ऑक्सिजनची मांडणी बदलते आणि निळा उडतो. त्यात तेलही पिवळं पडतं. जिथे शिशाचा पांढरा रंग मिसळला होता, तिथे मात्र स्माल्ट पुष्कळदा बरा टिकलेला दिसतो.

आज चित्राला हात न लावता क्ष-किरणांनी त्यातली मूलद्रव्यं ओळखता येतात. राखाडी झग्यात कोबाल्टचा मागमूस सापडला, की तिथे एकेकाळी स्माल्टचा निळा असणार हे कळतं. उडालेला रंग काही परत आणता येत नाही, पण संगणकावर मूळ चित्राचा अंदाज बांधता येतो.