लाईट आली पण सोलर चालू झालं नाही? फोन करायच्या आधी हे बघा

पावसाळा सुरू झाला की आम्हाला एकाच गोष्टीचे फोन सुरू होतात, लाईट गेली होती, आता आलीय पण सोलर बंदच आहे. बऱ्याचदा माणूस पाठवायची गरजच नसते, घरच्या घरी काम होतं, म्हणून हे पत्रक. मीटरच्या बॉक्सजवळ चिकटवून ठेवा.

लाईट गेल्यावर सोलर बंद पडणं हा बिघाड नाही हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. बॅटरी नसलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करून महावितरणच्या लाईनला (ग्रिडला) जोडणारा डबा, महावितरणची लाईट असेल तरच चालतो, बाहेर कितीही कडक ऊन असलं तरी. वायरमन लाईन बंद आहे असं समजून पोलवर चढलेला असतो आणि तेव्हाच तुमच्या गच्चीवरची वीज उलटी लाईनमध्ये गेली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर २ सेकंदांच्या आत स्वतःच बंद होतो. ही सोय कोणी काढून देतो म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

लाईट आल्यावरही तो लगेच चालू होत नाही, आधी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्थिर आहे का ते बघतो, डिस्प्लेवर उलटे आकडे मोजत असतो. यात १ ते ५ मिनिटं जातात, आणि मध्येच लाईट परत गेली आली की मोजणी पहिल्यापासून. तेव्हा १० मिनिटं थांबा, बटणं दाबू नका. संध्याकाळ झाली असेल तर विषयच संपला, ऊन नसलं की डिस्प्ले काळाच दिसतो, सकाळी बघा.

१० मिनिटांनंतरही डिस्प्लेवर नो ग्रिड किंवा ग्रिड लॉस्ट दिसतंय पण घरात लाईट आहे, मग एसीडीबी, म्हणजे इन्व्हर्टर आणि मीटरच्या मधला छोटा बॉक्स, त्यातला एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, बघा. ट्रिप झालेल्या एमसीबीचा खटका कधीकधी अर्धवट मध्येच थांबतो, नुसता वर ढकलला तर बसत नाही, आधी पूर्ण खाली ओढायचा मग वर करायचा. हात आणि पाय कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. एकदा वर केल्यावर परत पडला तर पुन्हा पुन्हा करू नका, आम्हाला कळवा. त्याच बॉक्समध्ये एसपीडी, म्हणजे विजेचा झटका अडवणारा भाग असतो, त्याच्या खिडकीत हिरवा रंग असेल तर ठीक, लाल झाला असेल तर वीज कडाडली तेव्हा त्याने झटका स्वतःवर घेतलाय, तो बदलावा लागेल.

व्होल्टेजचा प्रॉब्लेम

आमच्या मते खरी काळजी इथे घ्यायची. घरात २३० च्या आसपास व्होल्टेज हवं, पण लाईट आल्या आल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड कमी असला की ते चढतं, आणि २६०-२७० च्या पुढे गेलं की इन्व्हर्टर ओव्हर व्होल्टेज दाखवून थांबतो. थोड्या वेळाने लोड वाढला की आपोआप चालू होतो. पण रोज दुपारी असं होत असेल तर सेटिंग वाढवून द्या असं म्हणू नका, डिस्प्लेवरच्या व्होल्टेजचा वेळेसकट फोटो काढा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा.

आणि लाईट आल्यावर बल्ब नेहमीपेक्षा जास्त भगभगीत पेटले, पंखा वेड्यासारखा फिरायला लागला किंवा एका खोलीत जोरात आणि दुसऱ्या खोलीत मिणमिणतं असं दिसलं तर सोलरचं नंतर बघा, आधी मेन स्विच बंद करा. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर तुटल्याची ही खूण आहे, व्होल्टेज ४०० पर्यंत जाऊ शकतं, फ्रिज टीव्ही सगळं जळतं. वायरमन येऊन जोडेपर्यंत मेन चालू करायचा नाही.

डिस्प्लेवर आयसोलेशन (म्हणजे पॅनलच्या वायरिंगमधून वीज गळतेय) असं काही आलं तर बहुतेक जोरदार पावसानंतर कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं नाहीतर उंदीर खारीने केबल कुरतडलेली असते. पाणी असेल तर ऊन पडून सुकलं की जातं, दुपारपर्यंत नाही गेलं तर फोन करा, पण तोवर पॅनलच्या स्टँडला हात लावू नका आणि पॅनलखालचे कनेक्टर तर अजिबात ओढू नका. तिथे ३००-४०० व्होल्ट डीसी असतो, लाईट गेलेली असली तरी दिवसा तो असतोच, चालू लोडवर कनेक्टर ओढला तर मोठी ठिणगी पडते, हात भाजतो, आग लागते. गच्चीवरचं काम आमच्या माणसालाच करू द्या.

जनरेटर असेल तर तो चालू करायच्या आधी एसीडीबीतला सोलरचा एमसीबी खाली करा, दोन्ही एकत्र आले की जनरेटर किंवा इन्व्हर्टर कशाचं तरी नुकसान होतं.

ॲपवर ऑफलाईन दिसतंय म्हणून घाबरू नका, लाईट गेली की वायफायचा राऊटर पण बंद पडतो, इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा लागलेला असेल तर वीज बनतेय. पण आठवड्यातून एकदा आजचे युनिट नक्की बघा, ३ किलोवॅटला चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट येतात, एमसीबी पडलाय हे आठवडाभर कळलंच नाही तर ८० च्या वर युनिट गेले आणि ते बिलातच दिसतात.

फोन करताना डिस्प्लेचा, एसीडीबी उघडून आतल्या एमसीबीचा असे २ फोटो व्हॉट्सॲपवर टाका आणि लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली ते लिहा, म्हणजे येताना काय सामान आणायचं ते आम्हाला आधीच कळतं.