बालकासारखा विश्वास

देवाला पिता मानून, लेकराने आईबापांच्या भरवशावर असावे तसे त्याच्या भरवशावर जगण्याची ख्रिस्ती वृत्ती. मराठी ख्रिस्ती बोलण्यात ‘भरवसा’, ‘देवाचे लेकरू’, ‘त्याच्यावर भार टाकणे’ हे शब्द या अर्थाने नेहमी येतात.

स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने एका बालकाला बोलावून त्यांच्यामध्ये उभे केले (मत्तय १८:१-५). पुढे आणलेल्या मुलांना शिष्य अडवू लागले तेव्हा तो त्यांच्यावर रागावला आणि मुलांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला (मार्क १०:१३-१६). लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, याच प्रसंगी तान्ह्या बाळांसाठीचा ग्रीक शब्द आहे. बालक म्हणजे निष्पाप, एवढाच अर्थ घेतला तर तो तोकडा पडतो. मुले हट्ट करतात, भांडतात, खोटेही बोलतात. पण तान्हे मूल काही कमावून आणत नाही, आपला हक्क सांगत नाही. मिळेल ते दोन्ही हातांनी घेते. येशूचा रोख या घेण्याकडे आहे.

या विश्वासाचे सर्वांत नेमके चित्र स्तोत्र १३१ मध्ये सापडते. अवघ्या तीन वचनांचे हे स्तोत्र, आणि त्यातले बाळ दूध तुटलेले आहे. अंगावर पिणारे मूल आईजवळ जाते ते दुधासाठी. दूध तुटताना ते रडते, आकांत करते. त्यानंतर एक दिवस ते काही न मागता आईच्या कुशीत निवांत पडून राहते. आता त्याला आईच हवी असते. आपला जीव असा शांत केला आहे, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. म्हणजे ही शांती काहीतरी सुटल्यानंतरची आहे. गेथशेमाने बागेत येशूने ‘अब्बा’ म्हणून हाक मारली ती मरणाच्या आदल्या रात्री, दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी करताना (मार्क १४:३६). घरात बापाला मारायची ही अरामी हाक मार्कने ग्रीक मजकुरात तशीच ठेवली आहे.

बालिशपणा मात्र यात बसत नाही. वाईटाच्या बाबतीत तान्हे व्हा, समजुतीने प्रौढ व्हा, असे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला बजावले (१ करिंथ १४:२०).

मराठी मुलखात या कल्पनेला भक्तिपरंपरेची भाषा आयती मिळाली. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या अभंगांवर वाढलेल्या माणसाला देवापुढे लेकरू होणे शिकवावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताच्या पायाशी पोहोचल्याचे सांगत. बाप्तिस्मा १८९५ साली झाला. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो; भक्तिगीतांत त्यांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली अशा दोन्ही नात्यांनी हाक मारली. शुभवर्तमानातल्या पित्याशेजारी स्तोत्रातली आई मराठीत अशी सहज येऊन बसली. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. उतारवयात वेतनाचा आधार सोडणे हे, प्रस्तुत लेखकाच्या मते, ‘उद्याची चिंता करू नका’ (मत्तय ६:३४) या वचनाचे त्यांनी स्वतःच्या संसारावर केलेले भाष्य होते.

सांगली जिल्ह्यात हाच भरवसा दुसऱ्या रूपात दिसतो. कॅनडात जन्मलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. देवावर भार टाकायचा म्हणजे औषध नाकारायचे, असा अर्थ त्या परंपरेने कधी घेतला नाही. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच आवारात नांदल्या. आजारी लेकराला घेऊन आलेल्या बापाची शुभवर्तमानातली विनवणी अशा जागी फार जवळची वाटते: मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालव (मार्क ९:२४). येशूने त्या बापाला आधी विश्वास पुरा करून ये, असे म्हटले नाही. मुलाला हाताला धरून उठवले.