आजारी झाडाची लक्षणे

घराभोवतालच्या बागेतील झाडाची प्रकृती बिघडत चालल्याच्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा. पाने, डहाळ्या, साल, बुंधा आणि बुंध्यालगतची माती अशा सगळ्या ठिकाणी त्या उमटतात. फुलझाड बिघडले की चार दिवसांत मान टाकते. मोठा वृक्ष मात्र खोडामुळांत साठवलेल्या अन्नावर तग धरतो. म्हणून मूळ कारण आणि दिसणारे लक्षण यांत पुष्कळदा काही वर्षांचे अंतर पडते. नळ टाकण्यासाठी खणलेल्या चरात मुळे तुटली, तर शेंडा वाळेपर्यंत तो चर घरात कोणाला आठवतही नसतो. लक्षण वर दिसते आणि दुखणे खाली असते, हा प्रकारही नेहमीचा.

पिवळे पान सगळ्यांत आधी नजरेत भरते आणि सगळ्यांत जास्त फसवते. पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. नत्र झाडात सहज हलते, त्यामुळे ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या पालवीला पुरवते आणि जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह तसे हलत नाही. त्याची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग फिका. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, तेव्हा नुसते खत ओतून भागत नाही. पाणी साचून मुळे गुदमरली तरीही पाने पिवळीच पडतात, आणि अशा वेळी ‘झाड सुकतंय’ म्हणून आणखी पाणी घालणे ही घरच्या बागेतली सर्वांत घातक माया. कडा करपणे हे बहुधा पाण्याच्या ताणाचे किंवा मातीतील क्षारांचे लक्षण. पाने चिकट होऊन त्यांवर काळी काजळी चढली असेल, तर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधावी. काजळीची बुरशी त्या किडींच्या गोड स्रावावर वाढते. चार पानांना भोके पडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

फांद्या टोकाकडून मागे वाळत येणे, म्हणजे शेंडेमर, याहून गंभीर. आतल्या, सावलीतल्या खालच्या काटक्या वाळणे स्वाभाविक असते. उन्हातला शेंडा उघडा पडणे नव्हे. फांदी मेली की नुसती निष्पर्ण आहे, याची परीक्षा सोपी आहे. बोटाएवढ्या जाडीच्या डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला, तर ती जिवंत. तपकिरी, कोरडा भाग लागला, तर बुंध्याच्या दिशेने सरकत पुन्हा खरवडून पाहावे. हिरवे जिथे सुरू होते, तिथपर्यंतच मर पोचलेली असते. खोडातून व जाड फांद्यांतून अचानक पाणसोट, म्हणजे सरळसोट वर जाणारे फुटवे, फुटू लागले, की मालक ‘झाडाला पालवी आली’ म्हणून खूश होतो. वरचा पर्णसंभार अन्न पुरवेनासा झाल्याने झाडाने केलेली ती धडपडही असू शकते. खंगलेले झाड कधीकधी एखाद्या वर्षी फळांनी लगडते, तेही याच जातीचे.

खोडावरची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी झाडे करवतीने उभी चिरून आतली कूज तपासली. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो कोंडून टाकते, ही त्यांची मांडणी १९७७ पासून प्रसिद्ध आहे. त्यामुळे ढोली असलेले झाड आजारी असेलच असे नाही. बाहेरचे निरोगी लाकूड पुरेसे जाड आहे का, हे महत्त्वाचे. सालीवर भुसा किंवा विष्ठेच्या गोळ्या आणि शेजारी भोक असेल, तर आत खोडकिडा आहे. डिंक ओघळणे हे इजा, कीड आणि रोग या तिन्हींचे लक्षण असते. लिंबूवर्गात बुंध्याजवळ तो दिसला, तर मूळकुजीची शंका आधी घ्यावी. दोन सारख्या जाडीच्या फांद्यांच्या अरुंद बेचक्यात साल आत दबली असेल, तर झाड टवटवीत असूनही तो सांधा वाऱ्यात फाटण्याचा धोका राहतो. सालीवरच्या दगडफुलांचा मात्र उगाच धसका घेतला जातो. ती झाडाचे काही खात नाहीत. बांडगुळाची गोष्ट वेगळी, ते झाडाचे पाणी आणि खनिजे ओढते.

बुंध्याकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही, आणि नेमके तिथेच बरेच काही कळते. निरोगी खोड जमिनीशी येताना रुंदावते. ते विजेच्या खांबासारखे सरळ मातीत घुसलेले दिसले, तर झाड खोल लावले गेले आहे किंवा नंतर वर भर पडली आहे. सालीशी माती कायम ओली राहून साल कुजते. एकाच बाजूने खोड चपटे असेल, तर तिथली माती हाताने उकरावी: कुंडीत किंवा पिशवीत गोल फिरलेले मूळ मोठे होऊन खोडालाच फास लावत असते. पोसणारी बहुतेक मुळे वरच्या ३०–६० सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात, म्हणून फरशी, वाहनांचे ओझे आणि खोदकाम त्यांना चटकन बाधते.

बुंध्याशी किंवा मुळांवर दरवर्षी उगवणारी कडक, अर्धगोल भूछत्रे आतली कूज सांगतात. ती खुडून टाकल्याने कूज थांबत नाही. आधी सरळ असलेले झाड नव्याने कलले आणि कलाच्या उलट बाजूची माती फुगली किंवा तिला भेगा पडल्या, तर मुळे सुटू लागली आहेत. अशा झाडाखाली बसणे, खेळणे, गाडी लावणे त्याच दिवशी बंद करून वृक्षतज्ज्ञाला बोलवावे. टेकू देऊन ते उभे करण्याचा खटाटोप घरच्यांनी करू नये.