काळा घोडा कला महोत्सव : एका रिकाम्या चौकाची पार्श्वभूमी

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस दक्षिण मुंबईतला के. दुभाष मार्ग वाहनांसाठी बंद होतो, आणि एरवी मोटारींनी गजबजलेल्या त्या रस्त्यावर मांडणशिल्पे उभी राहतात, हस्तकलेचे गाळे लागतात आणि आसपासच्या इमारतींमध्ये नाटके, चित्रपट, कार्यशाळा व साहित्यविषयक चर्चा सुरू होतात. प्रवेश विनामूल्य असतो. १९९९ पासून चालत आलेला हा काळा घोडा कला महोत्सव आज मुंबईकरांच्या वार्षिक सवयीचा भाग झाला आहे. तो कलावंतांच्या एखाद्या चळवळीतून निघाला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचा उगम जुन्या इमारती वाचवण्याच्या धडपडीत आहे, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या आजच्या रूपाचे नीट मूल्यमापन करता येणार नाही.

ज्या पुतळ्यावरून परिसराला नाव मिळाले, तो घोडा एकटा नव्हता; त्यावर स्वार होता. ब्रिटनचे युवराज, म्हणजे पुढे राजे झालेले सातवे एडवर्ड, १८७५ मध्ये मुंबईला आले होते. त्या भेटीच्या स्मरणार्थ मुंबईतले व्यापारी अल्बर्ट ससून यांनी जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराकडून युवराजांचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि १८७९ मध्ये तो शहराला अर्पण केला. देणगी ससूनांची, स्वार इंग्लंडचा, पण लोकांच्या तोंडी राहिला तो घोडा. युवराजाचे नाव घ्यायची गरज सामान्य मुंबईकराला कधी भासली नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पुतळा उभा राहिला ती जागाही त्या वेळी नवीनच होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेने सार्वजनिक इमारतींची एक रांगच उभी राहिली. दुभाष मार्गाचे जुने नाव रॅम्पार्ट रो; रॅम्पार्ट म्हणजे तट. तटाची आठवण त्या नावात राहून गेली. डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. ज्या संस्थेसाठी ती बांधली गेली, तिची स्थापना १८४७ मध्ये सरकारी टांकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण यंत्रज्ञांनी केली होती. शेजारी एल्फिन्स्टन महाविद्यालय आले आणि पुढे जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. समोरच्याच वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंच्या चलचित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला होता.

आधुनिक चित्रकलेचे या परिसराशी नाते जडले ते स्वातंत्र्याच्या सुमारास. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे गाजलेले प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रो वरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्याबरोबर त्या गटात शिल्पकार सदानंद बाकरे आणि चित्रकार ह. अ. गाडे हे दोघे होते, याची आठवण मराठी वाचकांनी तरी ठेवायला हवी. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ मध्ये वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जहांगीर कलादालन सुरू झाले आणि मुंबईतल्या चित्रकारांना हक्काची जागा मिळाली. १९६३ मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड हे खासगी दालन आले. १९६४ मध्ये तळमजल्यावर समोवार हे उपाहारगृह सुरू झाले, जिथे चित्रकार, पत्रकार, नाटकवाले आणि खिशात चहापुरतेच पैसे असलेले विद्यार्थी तासन् तास बसत. दालनात जागा मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागणारे चित्रकार बाहेरच्या फूटपाथवरच चित्रे मांडू लागले. महोत्सवाने कला रस्त्यावर आणली असे म्हणतात, तेव्हा या फूटपाथवरच्या चित्रकारांचा विसर पडतो. रस्त्यावर चित्र मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवणे इथे आधीपासूनच चालू होते, आणि तेही कोणत्याही प्रायोजकाविना.

दरम्यान खुद्द घोडा निघून गेला होता. स्वातंत्र्यानंतर इंग्रज राज्यकर्त्यांचे पुतळे चौकाचौकांतून हलवावेत ही मागणी जोर धरत गेली आणि १९६५ मध्ये काळ्या घोड्याची रवानगी भायखळ्याच्या राणीच्या बागेत झाली. तो आजही तिथेच आहे. मोकळ्या झालेल्या जागी वाहनतळ झाला. शहरातली महत्त्वाची संग्रहालये, दालने आणि ग्रंथालये ज्याच्या अवतीभोवती आहेत, असा चौक कित्येक दशके मोटारी उभ्या करण्याच्या कामी आला. इमारतींची दशाही फारशी बरी नव्हती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे दुरुस्तीवर खर्च करण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही. वॉटसन हॉटेल, म्हणजे नंतरचे एस्प्लनेड मॅन्शन, हे त्याचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण आहे. बिडाच्या सांगाड्यावर उभारलेली ही दुर्मीळ इमारत खोल्याखोल्यांत विभागली गेली आणि डोळ्यांदेखत खंगत गेली.

या स्थितीला पहिले ठोस उत्तर १९९५ च्या वारसा नियमावलीने दिले. बृहन्मुंबईतल्या वारसा इमारतींची आणि परिसरांची श्रेणीनिहाय यादी झाली आणि त्यांच्यात मनमानी फेरफार करण्यावर कायदेशीर बंधन आले. पण नियम पाडकाम रोखू शकतो. गळके छप्पर दुरुस्त करायला तो पैसे देत नाही. हा पैसा आणि त्यासाठी लागणारी लोकांची आस्था कुठून आणायची, हा प्रश्न तसाच उरला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने फोर्ट भागाचा अभ्यास हाती घेतला होता आणि स्थापत्यविशारद राहुल मेहरोत्रा त्या काळात तिचे कार्यकारी संचालक होते. परिसराचे जतन त्याच्या आजच्या वापराशी जोडले तरच टिकेल, अशी त्यामागची भूमिका होती. फोर्टचा एक भाग बँकांचा, एक न्यायालयांचा, तसा काळा घोडा हा कलेचा भाग म्हणून ओळखला जावा, अशी कल्पना त्यातून पुढे आली. १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा उघडल्यामुळे या कल्पनेला आणखी बळ मिळाले. ऑक्टोबर १९९८ मध्ये परिसरातल्या संस्था, दुकानदार, रहिवासी आणि वास्तुरचनाकार यांना एकत्र आणणारी काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि काही महिन्यांतच पहिला महोत्सव भरला.

रस्ता बंद करणे हा या योजनेचा गाभा होता. माणूस मोटारीऐवजी पायी चालू लागला की त्याची नजर वर जाते; मग त्याला एल्फिन्स्टनच्या कमानी दिसतात, ससून ग्रंथालयाचा सज्जा दिसतो आणि ग्रंथालयामागे एक शांत बाग आहे हेही कळते. साहित्याचे कार्यक्रम त्याच बागेत भरवण्यामागे मला ही दृष्टी दिसते. ज्यांनी या इमारतींत कधी पाऊल ठेवले नसते, अशा हजारो लोकांना त्या निमित्ताने आत नेले, हे महोत्सवाचे सर्वांत मोठे काम आहे.

लोकप्रियतेबरोबर अडचणीही आल्या. न्यायालये, महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवणारे ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये लागू झाले. अशा वस्तीच्या भागात ध्वनिक्षेपकांवरचे मोठे कार्यक्रम घेणे अवघडच होते, आणि आता संगीत-नृत्याचे मोठे रंगमंच क्रॉस मैदानावर असतात. गर्दी वाढली तशी प्रायोजकांची नावेही मोठी झाली. मांडणशिल्पासमोर छायाचित्र काढून पुढे सरकणाऱ्या प्रेक्षकाबद्दल आणि क्षणात नजरेत भरेल असेच काम रचणाऱ्या कलावंताबद्दल चित्रकारांच्या वर्तुळात नाराजी ऐकू येते. ती निराधार नाही. नऊ दिवसांसाठी, खुल्या रस्त्यावर, हजारो लोकांच्या धक्क्यात टिकेल असे काम करताना सूक्ष्मता हरवते आणि निवड करणाऱ्यांनी याबाबत अधिक कठोर व्हायला हवे. मात्र केवळ दालनाच्या मोजपट्टीने हा महोत्सव मोजणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याने स्वीकारलेले काम वेगळे होते.

२०१७ मध्ये वाहनतळाच्या जागी पुन्हा घोडा आला. आराखडा स्थापत्यविशारद अल्फाझ मिलर यांचा, शिल्प श्रीहरी भोसले यांचे, उंची सुमारे २५ फूट, आणि या वेळी पाठीवर कोणी स्वार नाही. पुढच्याच वर्षी, ३० जून २०१८ रोजी, ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि ससून ग्रंथालय त्या समूहात आहेत. कोविडच्या साथीने रस्त्यावरचा महोत्सव खंडित झाला, तो २०२३ मध्ये पुन्हा भरला.

असोसिएशनचे जतनकार्य मात्र महोत्सवाच्या हद्दीबाहेर, गर्दीची वाट जिथे जात नाही तिथेही झाले आहे. फोर्टमध्येच मिंट रोडवर रतनसी मूळजी जेठा यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये बांधलेले कारंजे आहे. दगडात कोरलेले हत्ती आणि इतर प्राणी, आणि सर्वांत वर हातात पुस्तक घेतलेला मुलगा, अशी त्याची रचना. अनेक वर्षे ते कोरडे आणि धुळीने माखलेले होते. असोसिएशनच्या पुढाकाराने संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी त्याची दुरुस्ती केली. १८८२ चा बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ उभारलेला घड्याळ-मनोराही याच रीतीने पूर्ववत झाला.