स्वमग्नता आणि स्किझोटायपी : एकाच गोंगाटाचे दोन त्रास

दुपारी एकच्या गर्दीत उडप्याच्या हॉटेलातून दोघं जण अर्धी थाळी टाकून उठतात. बघणारा दोघांनाही माणूसघाणे ठरवून मोकळा होतो. पण पहिल्याला ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, ताटांचा खणखणाट आणि समोरच्या मित्राचं बोलणं सगळं सारख्याच जोरात ऐकू येत होतं. त्यातून मित्राचं वाक्य वेगळं काढता येईना. दुसऱ्याला मागच्या टेबलावरचे लोक आपल्यालाच हसताहेत असं वाटलं, आणि त्या कुजबुजीत आपलं नावही ऐकू आल्यासारखं झालं.

पहिली छटा स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची. दुसरी स्किझोटायपीची, म्हणजे नसलेले आवाज, अर्थ किंवा रोख जाणवण्याच्या कलाची. छटा म्हणजे आजार नव्हे. त्या कमीअधिक प्रमाणात कुणातही सापडतात आणि प्रश्नावलीने मोजतात. २००१ सालच्या ऑटिझमच्या ५० प्रश्नांत एक असा आहे, की इतरांच्या लक्षात न येणारे बारीक आवाज तुम्हाला जाणवतात का. १९९१ सालच्या स्किझोटायपीच्या ७४ प्रश्नांत विचारतात, की नुसत्या आवाजाला माणसाचा आवाज समजण्याची चूक तुमच्याकडून अनेकदा होते का. माझ्या मते सगळा फरक या दोन प्रश्नांत आला.

२००१ मध्येच नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांना ख्रिसमसचं एक प्रसिद्ध गाणं ऐकवलं, मग नुसती खरखर ऐकवली आणि सांगितलं, की यात ते गाणं ऐकू आलं तर बटण दाबा. गाणं त्यात नव्हतंच. तरी जवळपास एक तृतीयांश जणांनी बटण दाबलं, आणि कल्पनेत रमणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. मेंदू नुसतं ऐकत नाही, पुढे काय येणार याचा अंदाजही बांधतो. स्किझोटायपीत हा अंदाज कानावर कुरघोडी करतो, असं एक मत आहे. स्वमग्नतेत तो फिका पडतो आणि आवाज जसाच्या तसा आत घुसतो, असं २०१२ मध्ये मांडलं गेलं.

रसायनांकडे वळलं की हे सुबक चित्र विस्कटतं. ग्लुटामेट चेतापेशींना चेतवतं, गाबा त्यांना आवरतं. हा तोल चेतवण्याकडे झुकणं हे स्वमग्नतेचं एक कारण असावं, हा तर्क २००३ चा. गंमत म्हणजे स्किझोटायपीशी नातं सांगणाऱ्या स्किझोफ्रेनिया या आजाराबद्दलही याच दोन रसायनांचं नाव घेतात. एकसुरी टिकटिकीत मधेच वेगळा सूर आला की मेंदूच्या विद्युतलहरीत एक ठरावीक उसळी दिसते. स्किझोफ्रेनियात ती खुजी असते, आणि ग्लुटामेट पेशीवर जिथे चिकटतं अशी एक जागा (ग्राहक) अडवणारं केटामाइन हे भुलीचं औषध दिल्यावर निरोगी माणसातही ती खुजी होते. एमआरआय यंत्रातून ही रसायनं मोजतात खरी, पण हाती येते ती काही घनसेंटिमीटर मेंदूची सरासरी. चेतापेशींच्या सांध्यावर नेमकं काय चाललंय ते त्यात दिसत नाही. गाबाचा परिणाम सुधारेल या आशेने स्वमग्न मुलांवर तपासलेलं ब्युमेटानाइड हे औषध शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांत निष्प्रभ ठरलं आणि २०२१ मध्ये त्या थांबवल्या. म्हणून ‘गाबा वाढवा’ म्हणून गोळ्या विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

२००८ मध्ये तर स्वमग्नता आणि स्किझोटायपी ही एकमेकींची विरुद्ध टोकं असल्याचा सिद्धांत आला. ऐकायला झकास, पण लोकांमधली अवघडलेपणाची भावना दोन्ही प्रश्नावल्यांत मोजली जाते, त्यामुळे एकीत वरचे गुण मिळवणारा अनेकदा दुसरीतही वर असतो.